सोनबाचा गिझर, कुशाबाचा बंब

या शिमग्याला व्याह्यांनी सोनबाच्याच घरी आंघोळ केली, तर त्याच्या पदरात काय पडणार होतं ते आधी बघू. एक, कुडपण गावातल्या पहिल्या गॅस गिझरचा मान. आणि दुसरं, त्याहून मोठं, चुलतभाऊ कुशाबाचं बंद तोंड. गेल्या वर्षी नाते गावचे व्याही कुशाबाच्या तांब्याच्या बंबावर आंघोळीला गेले होते आणि ती एक आंघोळ कुशाबाने वर्षभर गावाला ऐकवली होती.

गिझर मुंबईहून सुनीलने, म्हणजे सोनबाच्या मुलाने आणला. आंबेनळी घाटाच्या वळणांवर जीपच्या टपावर त्याच्यावर सिमेंटचं पोतं आडवं झालं आणि गॅसचा रबरी पाईप नटाजवळ चिरला. सोनबाने सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली. झऱ्यावरून येणारा पाण्याचा पाईप त्याने ठिकठिकाणी असाच बांधलाय, आणि तो धरतोही. पठारावरच्या वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून न्हाणीच्या झरोक्यात गोणपाटही कोंबलं.

पालखी वाडीच्या तोंडाशी आली. व्याही खांद्यावर टॉवेल टाकून उभे. कुशाबा मुद्दाम चहाला आलेला. न्हाणीत साबण ठेवायला गेलेली सोनबाची बायको ठमाबाई तशीच परतली.

"आवो, वास येतोय."

"नव्या वस्तूला येतोच गो."

"नवी वस्तू नासक्या अंड्यागत वास मारते व्हय?" तिने पट्टीवर साबणाचा फेस चोपडला. फेसाला टपाटप बुडबुडे आले.

सोनबा कुजबुजला, "येवढी एक आंघोळ होऊ दे. मग बघतो."

"पाणी गळलं तर जमीन भिजते. ह्यो गॅस हाय. गिझर पेटवलात तर सूनबाईला काय सांगाल, तिचा बाप कुठं गेला?"

सोनबाने व्याह्यांकडे पाहिलं, मग कुशाबाकडे. कुशाबा बशीतला चहा भुरकत होता. सोनबाने बाहेर जाऊन सिलिंडर बंद केला, झरोक्यातलं गोणपाट उपसलं आणि मोठ्यानेच म्हणाला, "दिव्याच्या बटनाला कुणी हात लावू नका. पाव्हणं, पाईप फाटलाय माझा. आंघोळ कुशाबाकडं."

"म्हंजे यंदाबी माझाच बंब रे?" कुशाबाची बशी हिंदकळली.

"तुझाच. जा, पेटव लवकर. पालखी थांबायची नाय."

दुसऱ्या दिवशी महाडहून मेकॅनिक आला. ट्यूबची पट्टी कापून सोनबाच्या हातात देत म्हणाला, "काका, चिरलेला पाईप बांधायचा नसतो, बदलायचा असतो." नवा पाईप बसला. गिझर न्हाणीबाहेर, पडवीच्या मोकळ्या भिंतीवर गेला.

आता हिशेब. टोमणे सोनबाच्या खात्यात, आणखी वर्षभर. सरपण कुशाबाचं, धुराने डोळेही त्याचेच लाल. व्याही न्हाऊन जेवायला मात्र सोनबाकडेच बसले, आणि ताटावर म्हणाले, "पुढच्या शिमग्याला इथंच उतरणार. इथं खरं सांगतात." जीव कुणाचाच गेला नाही. ताटातला ठमाबाईचा कोंबडा तेवढा सोडून.