ठाणेदाराच्या टाकीतला पैसा

मी देवाजी, ढिवराचा पोरगा. कन्हान नदीच्या कपारीत हात घालून मासळी कशी काढाची, हे आमच्या घरी चालता येत नाई तवापासून शिकवतेत. अन् अशा मले प्राणिशास्त्राचे मार्तंड सर सांगून राहिले, "देवाजी, टाकीत हात घालायचा नाही." मले! लय राग आला. सत्तर सालची गोष्ट. अकरा वर्षांपासून मी कॉलेजात हंगामी शिपाई होतो, अन् पक्कं करणारी कमिटी सोमवारी येणार होती. सर म्हणे, "मासा त्या दिवशी जिवंत आणि ठणठणीत दिसला, तर तुझं नाव मी स्वतः पुढे करतो." म्हणजे माही नोकरी एका माशाच्या शेपटीले बांधली होती.

लेकाचा मासा बी कसा! मुंबईहून रेल्वेनं आला, संग बुधल्यांमधी समुद्राचं पाणी. वीतभर लांब, पिवळे ओठ, दात उंदरासारखे. इंग्रजी नाव काही तरी होतं, आमी त्याले ठाणेदार म्हणू. टाकीत दुसऱ्या दोन मासळ्या सोडल्या, तर दुपारपर्यंत त्याईच्या शेपट्या गायब. टाकी साफ कराची असली का मधात काचेची पाटी टाकून त्याले एका बाजूले कोंडा लागे, अन् पाटी दोघांनी धरा लागे. झिंगे लाकडी चिमट्यानं द्याचे. जराक उशीर झाला का वर येऊन थोबाडावर पाण्याची पिचकारी मारे.

बरं, नागपुरात समुद्र कोणी पाहिला? शुक्रवारी लोकाईसाठी खोली उघडली अन् हे गर्दी! समुद्र आला म्हून बाया हळदकुंकू घेऊन आल्या. एका बुढ्यानं तर ओंजळ पुढं करून तीर्थ मागितलं. पाणी दिसलं का पैसा टाकाचा, ही आपल्या लोकाईची खोडच होय. पुलावरून रेल्वे गेली तरी टाकतेत. अन् सरनं बजावलं होतं, खाऱ्या पाण्यात तांबं म्हणजे माशाले जहर. मी दिवसभर दाराशी ओरडून राहिलो, "पैसा टाकू नोका वं बाई! समुद्र नाई हा, टाकी होय!" घसा बसला, पण एकीले टाकू देला नाई.

शनिवारी सकाळी पाहतो, तर ठाणेदारानं कोपऱ्यात गोटे जमवले होते त्याच्यावर भोकाचा पैसा. तांब्याचा. भोकात लाल दोरा. तो पैसा माह्या घरच्या देव्हाऱ्यातला होता! माही बायको बायजा शुक्रवारी डबा घेऊन आली होती, अन् मी तिले टाकीपाशी सोडून लोकाईवर ओरडत होतो.

पाटी धराले सरले बोलवावं, तर बायकोचं नाव निघते. चिमटा लावला, तर पैसा गोट्यांत आणखी खाली गेला. म्हटलं, ढिवराले मासळीचं काय भेव? बाही सारली अन् हात घातला.

अरे बाप्पा! नदीची मासळी हात पाहून पळते, हे बेनं हातावर धावून आलं! अर्धं नख गेलं, बोटाच्या टोकाचा लचका गेला. पाणी लाल. पैसा मातर मी सोडला नाई. हात बाहेर काढला, तितक्यात दारात सर. काय करू? दुसऱ्या हातानं पैसा तोंडात टाकला.

"देवाजी! हात घातलास?"

"ऊं," मी म्हटलं.

सर घाबरले. नळाखाली धरून साबणानं बोट धुतलं, डेटॉल ओतलं, फडक्यानं दाबून धरलं. म्हणे, "माशाचा चावा पिकतो, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायलाच हवं." डॉक्टरकडं नेलं. मी "ऊं"च्या पुढं गेलो नाई. "वेदनेनं वाचाच गेली बिचाऱ्याची," सर डॉक्टरले म्हणे.

घरी गेल्यावर वाचा वापस आली. "काहून टाकला वं पैसा?"

"तुमच्यासाठीच! समुद्राले नवस बोलली मी. नोकरी पक्की झाली तर याच्याहून मोठं देईन म्हटलं."

मंग बोट पाहून रडाले लागली. माहा राग कुठच्या कुठं गेला. अकरा वर्षं, यंदा ठेवतेत का काढतेत म्हून, दर उन्हाळ्यात तिच्या बी घशाखाली घास उतरला नव्हता.

सोमवारी कमिटीचे मोठे साहेब आले. ठाणेदार मस्त फिरून राहिला होता. "हा एवढासा काय करणार?" म्हणत साहेबानं झाकण सारलं अन् बोट पाण्याकडं नेलं. मी त्याईचं मनगट धरलं. साहेबाचं! सरचा चेहरा पांढरा. मी पट्टी सोडली अन् बोट दाखवलं. मंग जातपर्यंत त्याईचे दोन्ही हात खिशात होते. दाराशी सरले म्हणे, "या माणसाला सोडू नका."

आठ दिवसांनी कागद आला. पक्का झालो.

दुसऱ्याच दिवशी बायजा खोलीच्या दारात हजर. नवं लुगडं, हातात चिंचेनं घासून लखलख केलेला तांब्या. अस्सल तांब्याचा.

"हे काय वं?"

"मोठं देईन म्हटलं होतं. पाण्यात सोडा."

"अवं, मासा मरन!"

"अन् नाई सोडला तर नोकरी जाईन!"

हसू नोका. अकरा वर्षांनी हातात आलेला कागद होता तो. अडवता अडवता माहा बी हात थांबला. शेवटी टाकीचं झाकण जराक सारलं, तांब्या काठावर धरला, म्हटलं, "ठाणेदार, पाहून घे बाप्पा."

तो सरसर वर आला. माह्याकडं पाहिलं, तांब्याकडं पाहिलं, अन् दोघांवर बी सपकन पिचकारी मारली.

"पावला!" बायजानं हात जोडले, अन् तांब्या पदराखाली घेऊन घरी गेली.