सारजाबाईंचा पासवर्ड

“न्हाय दिसत म्हंजी? आधी तर दिसायचा की,” मानसिंगतात्या काउंटरच्या काचेवर वाकून म्हणाले.

काचेमागच्या विजयमालाबाईंनी मान खाली घातली. सणसरच्या त्या पाणीवाटप संस्थेत शेताच्या पाण्याची पाळी वेबसाइटवर नोंदवावी लागे. पासवर्ड विसरला की सभासद काउंटरवर येत आणि बाई पडद्यावर बघून सांगत, “आबा, तुमचा ‘पवळ्या’ हाय.” बैल जाऊन बरीच वर्षं झालेली असत. रांगेतले हसत, आबाही हसत.

मग उन्हाळ्यात आप्पा नावाच्या एका सभासदाच्या पासवर्डनं कुणीतरी त्यांची पाळी रद्द केली. उभा मका वाळला. व्यवस्थापक सुयोगरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काकू, तुम्हाला तर सगळ्यांचे पाठ असतील?”

“मी कुणाचा ध्यानात ठिवत न्हाय, सायेब.”

आप्पांचं पाणी त्यांनी तोडलं नव्हतं. पण हे बोलणं खरं नव्हतं. शब्द न ठेवताही ध्यानात राहत. त्या दिवसापासून काउंटरवर कुणी हसलं नव्हतं.

सुयोगरावांनी बारामतीहून वैदेहीला बोलावलं. साइट दुरुस्त करणारी ती पोरगी आज शेजारच्या खुर्चीत बसली होती.

“तात्या, उसाचा रस काढल्यावर रसावरून कांडं परत उभं करता येतं का?” ती म्हणाली. “पासवर्डचं तसंच केलंय. इथं आता फक्त रस ठेवलाय. तुम्ही शब्द टाकला की त्याचाही रस काढायचा, जुळला तर आत सोडायचं. मूळ शब्द मलाही दिसत नाही.”

“मग आमची सारजा काय लिवून गेली, ते कुणालाच ठावं न्हाय?”

तात्यांची बायको सारजाबाई संक्रांतीनंतर वारली होती. मोबाइल, पाळी, सगळं तीच बघायची.

“नवीन टाका ना. मी करून देते.”

“आन् जुना?”

“तो पुसला जाईल.”

तात्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाळीची नोंद संध्याकाळी बंद होणार होती.

“‘दिग्विजय’ टाक,” ते म्हणाले. थोरल्या मुलाचं नाव. पडद्यावर लाल अक्षरं आली.

“मग ‘नकोशी’ आसंल. धाकटी लेक.” लेकींमागून आणखी एक लेक झाली, म्हणून तात्यांच्या आईनं ठेवलेलं नाव. तेही चुकलं.

“आता एकदाच,” वैदेही म्हणाली. “परत चुकलं तर खातं अडकेल, मग नवीनच घ्यावा लागेल.”

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “पन्नास वर्सं संसार केला,” ते स्वतःशीच म्हणाले, “एक शबुद आठवंना.”

विजयमालाबाईंना शब्द ठाऊक होता. पासवर्ड ठेवला त्या वेळी सारजाबाई काचेजवळ तोंड आणून कुजबुजल्या होत्या, “लेकीचं नाव ह्येच ठिवायचं हुतं मला. ह्यास्नी कदी बोलले न्हाय.”

मागच्या टेबलावर सुयोगराव सह्या करत होते. आता तोंड उघडलं तर आप्पांच्या मक्याचा आळ कायमचा अंगाला चिकटणार. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार होतं?

तात्या टोपी घालत म्हणाले, “जाऊ दे, पोरी. नवा टाक.”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “‘अबोली’ टाका.”

वैदेहीनं टाकला. खातं उघडलं.

सह्या थांबल्या. “काकू?”

“व्हय सायेब. ध्यानात हाय. आप्पांचाबी हुता. पर त्यांचं पाणी मी तोडलं न्हाय.”

सुयोगरावांनी वैदेहीकडे पाहिलं, आणि वैदेहीनं पडद्याकडे.

“अबोली कोन?” तात्यांनी विचारलं.

“तुमची धाकटी. सारजाबाईंनी मनात ठिवलेलं नाव.”

वैदेहीनं पाळी नोंदवून दिली. तात्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पायरीवर गेले आणि त्यांनी लोणी देवकरला कंपनीत कामाला असलेल्या धाकट्या लेकीला फोन लावला.

विजयमालाबाईंनी कुणी सांगायची वाट पाहिली नाही. खुर्चीवरची आपली उशी उचलली, चष्म्याचं घर पिशवीत टाकलं आणि काउंटरची किल्ली सुयोगरावांच्या टेबलावर ठेवली.

पायरीवर तात्या फोन कानाला लावून उभे होते. पलीकडून लेकीचा आवाज येत होता, “तात्या, बोला की. काय झालं?”

“नकोश...” ते म्हणाले, आणि थांबले.

बाई त्यांच्या बाजूनं, पदर सावरत, पायऱ्या उतरल्या.