पेडलसुद्धा चकाचक

माझी पूजा पाऊण तासात आटोपते. धाकट्या दिरांना गाडी धुवायला अडीच तास लागतात, आणि एवढं करून प्रसाद कुणालाच नाही.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. त्यांचे नऊ दिवस गाडीला दोन वर्षं झाली तरी संपलेले नाहीत. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे. चाकांचं फडकं वेगळं, काचांचं वेगळं, एसीच्या फटींना कान कोरायच्या काड्या. गाडी बाहेर पडते महिन्यातून दोनदा, तीही धुळीचा रस्ता टाळून. घरात स्वतःच्या उष्ट्या ताटाला मात्र त्यांनी कधी हात लावलेला नाही.

सासूबाईंची थोरली बहीण दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं मोठं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. भेटायची वेळ चार ते पाच. गुडघ्यांमुळे सासूबाईंना बसची पायरी चढवत नाही. भाड्याची गाडी बोलावू, असं मी सुचवलं तर दिरांना राग आला. दारात स्वतःची गाडी असताना लोक काय म्हणतील? नेतो म्हणाले, पण अटींवर. चपला पिशवीत घालायच्या. डोक्याचं तेल सीटला लागू नये म्हणून मागे टॉवेल. बहिणीसाठी घेतलेली संत्री डिकीत, तीही तीन पिशव्यांत गुंडाळून. एवढ्या अटी तर मी कुठल्या व्रताच्याही पाळलेल्या नाहीत.

आई बसणार म्हणून त्या दिवशी गाडीला जास्तीचं पॉलिश झालं. डॅशबोर्ड झाला, दारं झाली. डबीत थोडं उरलं होतं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून दिरांनी खाली वाकून तिन्ही पेडलही चमकवले. मला बोलावून दाखवले. "वहिनी, पेडल असे कुणाचे बघितलेत?" नव्हते बघितले. पेडल बघायचे असतात हेच मला माहीत नव्हतं.

सासूबाई तीन वाजल्यापासून इस्त्रीची साडी नेसून दारात बसल्या होत्या. साडेतीनला आम्ही निघालो. त्या पुढे, मी मागे, दोघी अनवाणी. फाटकापाशी दिरांनी ब्रेक दाबला, पाय साबणावरून सटकावा तसा सटकला आणि गाडी संथपणे समोरच्या कचरापेटीत घुसली. पेटी उलटली. आठवड्याचा कचरा बॉनेटवर येऊन बसला.

लागलं कुणालाच नाही. दिरांनी ते विचारलंही नाही. उतरून आधी बंपर पाहिला, मग पिवळं फडकं काढलं. मी म्हटलं, पावणेचार होत आलेत. ते म्हणाले, आंबट पाणी रंग खातं, दहा मिनिटं थांबा. त्यांची दहा मिनिटं मला ठाऊक आहेत.

शेजारी नळ बसवायला आलेला प्लंबर आवाज ऐकून धावत आला. त्याने दार उघडून ब्रेकवरून बोट फिरवलं आणि दिरांकडे पाहिलं.

"साहेब, हे कुणी केलं?"

दीर बॉनेट पुसत राहिले.

प्लंबरची व्हॅन म्हणजे चार चाकांवरची अडगळ. पुढच्या सीटवर सिमेंटची पोती होती. ती त्याने मागे टाकली आणि हाताने धूळ झटकल्यासारखं केलं. "मावशी, साडी खराब होईल हं. पण माझा ब्रेक लागतो."

सासूबाईंनी पिशवीतून चपला काढून पायात घातल्या. मी डिकीतून संत्री काढली. दीर म्हणाले, "आई, थांब ना. झालंच."

"तू धू," सासूबाई म्हणाल्या. "मी माझ्या बहिणीला बघून येते."

आम्ही चार वाजून दहा मिनिटांनी पोचलो. सासूबाई संत्रं सोलत गेल्या आणि थोरली एकेक फोड तोंडात धरून राहिली. नर्सने दोनदा सांगितल्यावर आम्ही उठलो.

परतलो तेव्हा दीर वाकून नंबरप्लेटच्या अक्षरांतली घाण काडीने काढत होते. मावशी कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. सासूबाईंच्या पदराला सिमेंट लागलं होतं, तेवढं त्यांना दिसलं, आणि ते गाडीसमोर आडवे उभे राहिले.

"भिऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आता मी तुझ्या गाडीत बसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला दवाखान्यात न्यायला प्लंबर सात वाजता येणार होता. चपला सासूबाईंनी आत्ताच दाराशी तयार ठेवल्या.