डावा हात, उजवा हात

जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मार्चअखेर संपणार होतं, म्हणून सुप्याच्या औषध-संशोधन कंपनीत एडविन साळवेला एक कंटाळवाणं काम लागलं. आठ वर्षांत संगणकावर बांधलेले रेणूंचे तेवीसशे नमुने नव्या सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा फाईलींत उतरवायचे. रोज दोनेकशे फाईली व्हायच्या. उतरवलेली फाईल मूळ फाईलशी आणि पूर्वी प्रयोगशाळेला पाठवलेल्या फाईलशी जुळते का, तेही तो पाहत होता.

मंगळवारी दुपारी एक जुळली नाही.

रेणूलाही डावा-उजवा हात असतो. अणू तेच, जोडणी तीच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. औषध म्हणून एक चालतो, दुसरा कदाचित चालत नाही. एडविनने बांधलेला नमुना डावा होता. दोन वर्षांपूर्वी तो प्रयोगशाळेला पाठवताना त्याने सगळा रेणू एका ओळीत मावणाऱ्या साध्या फाईलीत उतरवला होता. तेव्हा 'हाताची माहिती ठेवा' या चौकटीत खूण करायची राहिली. पलीकडच्या सॉफ्टवेअरने ती ओळ उघडली आणि हात स्वतःच ठरवला. उजवा.

प्रयोगशाळेत ज्योती दरेकरने आठ महिने खपून तो उजवा रेणू तयार केला. चाचणीत तो शरीरातल्या ज्या प्रथिनाला चिकटायला हवा होता, त्याला चिकटलाच नाही. प्रकल्प बंद झाला, आणि ज्योतीचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं गेलं नाही.

एडविनने मूळ फाईल पुन्हा उघडली. डावा. पाठवलेली उघडली. उजवा. मग तो कँटीनमध्ये गेला, दोन चपात्या आणि गवारीची भाजी खाल्ली, डबा धुतला. छातीत धडधड होईल, घाम फुटेल म्हणून तो थांबून राहिला. काहीच झालं नाही. परत येऊन त्याने पुढच्या फाईली उतरवल्या.

बुधवारी त्याने कल्याण सरांना, म्हणजे त्याच्या साहेबांना, सांगितलं.

"प्रकल्प बंद झालाय ना?" सर म्हणाले.

"हो."

"मग आता उकरून कुणाला काय मिळणार? तुम्ही फाईल दुरुस्त करून ठेवा."

त्याने दुरुस्त करून ठेवली. घरी बायकोला, हन्नाला, सांगितलं तेव्हाही त्याचा आवाज बातम्या वाचल्यासारखा सपाट होता. ती म्हणाली, "अहो, त्या बाईंना कळवा तरी."

रविवारी चर्च सुटल्यावर तो मोटरसायकलने काष्टीला, ज्योतीच्या घरी गेला. ओट्यावर ज्योतीचे वडील भागवतराव लसूण निवडत बसले होते.

"बसा सर. ती क्लासवर हाय, येईलच. कंपनीतलं कुणी लई दिवसांनी आलं."

ज्योती आली. हातांना खडू लागलेला. ती आता बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायची. एडविनने उभ्यानेच सगळं सांगितलं. मध्ये अडखळला नाही.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"मंगळवारी."

"मी तेव्हा विचारलं होतं, एडविन सर. हात बरोबर आहे ना, म्हणून. जिन्यात थांबवून विचारलं होतं."

"हो. मी म्हणालो, फाईलमध्ये आहे तेच करा."

"म्हणजे मी बरोबर केलं होतं."

"तुम्ही अगदी बरोबर केलं होतं."

भागवतरावांचे हात थांबले होते. ज्योती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कोरा कागद आणि पेन होतं.

"हे मला लिहून द्या. मुलाखतीत दरवेळी विचारतात, आठ महिन्यांत जमलं का नाही म्हणून. मला सांगता येत नाही."

त्याने ओट्यावर बसून लिहिलं. चूक माझी होती, दरेकर मॅडमनी दिलेला रेणू अचूक बनवला होता, एवढंच. खाली सही केली, तारीख टाकली. तिने दोनदा वाचून घडी घातली. चहाचं कुणी विचारलं नाही.

सोमवारी त्याने तोच मजकूर कंपनीत सगळ्यांना मेल केला. गुरुवारी त्याला मेमो मिळाला. तो त्याने ड्रॉवरमध्ये ठेवला आणि राहिलेल्या फाईली संपवल्या.

तीन आठवड्यांनी, संध्याकाळी तो कंपनीच्या बसमध्ये असताना ज्योतीचा फोन आला.

"पुण्यात दुसऱ्या फेरीला बोलावलंय. कागद दाखवला."

"बरं झालं."

"हं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

एडविन फोन हातात धरून बसून राहिला. केडगाव आलं, त्याच्या बरोबरचे उतरले. बस माळीवाड्याला जाऊन थांबली, दिवे बंद झाले. ड्रायव्हर छगनने मागे वळून पाहिलं.

"सर, तुमी केडगावला उतरलाच न्हाई व्हय?"

"राहिलं," एडविन म्हणाला. त्याचा चेहरा ओला होता. कधीपासून, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने डब्याची पिशवी उचलली, आणि रिक्षा पाहायला तो खाली उतरला.