फिरत्या दोरीत शिरताना

"तुम्हाला खरंच कळतं, की तुम्ही नुसत्या माना डोलावता?"

हा प्रश्न टकळीचा नव्हता. तो सुचला मिरचीला, त्याला धार लावली चष्मिशने, आणि टकळीच्या वाट्याला आलं ते फक्त विचारण्याचं काम, कारण ती पैज हरली होती. तिघी मैत्रिणींच्या पैजेचा नियम सोपा होता. हरेल तिने बाकीच्या दोघी सांगतील तो प्रश्न, त्या सांगतील त्या माणसाला, सगळ्यांसमोर मोठ्याने विचारायचा. कुजबुजलेला प्रश्न धरला जात नाही.

दोन वर्षांपूर्वी हीच टकळी हजेरी देतानाही कानापर्यंत लाल व्हायची. तेव्हा तिचं नाव 'मुकी' होतं. पैजांनी तिची जीभ सुटली आणि अशी सुटली, की आता ती गप्प बसेल यावर घरात कुणी पैज घेईना.

तर प्रश्न विचारला गेला तो आईच्या वर्गात. आई विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायची. दुकानात बोलायचं इंग्रजी त्यांना येतच होतं. इथे शिकायचं होतं ते अभ्यासाचं इंग्रजी: जाडजूड ग्रंथ वाचून त्याचं सार काढणं, निबंधात कुणाचं मत कुणाचं ते नीट सांगणं, सेमिनारमध्ये म्हणजे चर्चेच्या तासाला आपला मुद्दा मांडणं. हे जमलं तरच त्यांना आपापल्या विभागात पुढचं शिक्षण मिळणार होतं. शाळा सुटली की टकळी आई मोकळी होईपर्यंत याच वर्गात मागच्या बाकावर बसून गृहपाठ करायची.

त्या दिवशी आईने फळ्यावर वाक्यं लिहिली होती. बोलणाऱ्याला मध्येच थांबवायचं असेल तर काय म्हणावं, न पटलेलं कसं सांगावं. लिहून झाल्यावर आई वळली आणि नेहमीसारखं म्हणाली, "कळलं?"

सगळ्या माना हलल्या. खिडकीबाहेर मिरची आणि चष्मिशची डोकी वर आली. टकळी उभी राहिली आणि स्वच्छ इंग्रजीत, खणखणीत आवाजात तिने विचारून टाकलं.

माना जागच्या जागी थांबल्या. दुसऱ्या बाकावर एक उंच बाई बसायच्या, पुढचे केस रुपेरी. त्यांची मान तर खाली जाता जाता अर्ध्यातच अडकली. खिडकीतली डोकी गायब झाली.

"बस खाली," आई म्हणाली. तो आवाज टकळीच्या ओळखीचा होता. घरी काय वाढून ठेवलंय ते तिला कळून चुकलं.

घरी बाबा जेवणाच्या टेबलावर कवळ्या मांडून बसले होते. ते दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचे आणि अर्धं टेबल कायम त्यांच्या ताब्यात असायचं. आईने पर्स खुर्चीवर टाकली.

"भर वर्गात माझ्या विद्यार्थ्यांचा पाणउतारा केला तुमच्या लेकीने."

"मी फक्त विचारलं," टकळी म्हणाली.

"काय विचारलं?" बाबांनी विचारलं. टकळीने सांगितलं. बाबांनी हातातली कवळी उघडली, मिटली. "मग काय म्हणाले ते?"

आईने पर्स पुन्हा उचलून खुंटीला अडकवली. "काही नाही म्हणाले."

"म्हणजे प्रश्न बरोबर ठिकाणी लागला."

"तुम्ही तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका. उद्या माफी मागायची. एकेकाची, जवळ जाऊन."

दुसऱ्या दिवशी टकळीने माफीचा सपाटा लावला. कुणी हसलं, कुणी पुन्हा मान डोलावली. रुपेरी केसांच्या बाई मात्र तिला व्हरांड्यात घेऊन आल्या. त्या इंजिनियर होत्या. आपल्या देशात त्यांनी नद्यांवर पूल बांधले होते आणि आता पुराच्या पाण्यात टिकतील असे पूल शिकायला आल्या होत्या. टकळीने त्यांचं नाव मनातल्या मनात कधीच 'पूलकाकू' ठेवून टाकलं होतं.

"माफी राहू दे," पूलकाकू म्हणाल्या. "उत्तर घे. मला सगळं कळतं. पण मी विचारत नाही."

"का?"

"बघ, तू किती पटकन विचारलंस." काकू हसल्या. "आमच्याकडे बोलणाऱ्याला चारचौघांत अडवत नाहीत. तो उघडा पडतो ना. बैठक संपली की त्याला व्हरांड्यात गाठायचं आणि मग काय ते विचारायचं."

"आणि पुलात चूक असली तर?"

"तर जरा घाईने व्हरांड्यात गाठायचं."

मग कळलं, की पहिल्या परीक्षेतही काकूंनी तेच केलं होतं. सेमिनारभर त्या मन लावून ऐकत बसल्या आणि तास संपल्यावर बाहेर येऊन त्या बोलणाऱ्या मुलाला असे प्रश्न विचारले, की त्याला घाम फुटला. पण परीक्षक आत बसून गुण लिहीत होते. चर्चेतला सहभाग: शून्य. काकू नापास. आता शुक्रवारी दुसरी संधी होती, आणि ती शेवटची. त्यात जमलं नाही तर विभागातली जागा दुसऱ्याला जाणार आणि काकूंना घरी परतावं लागणार.

"वाक्यं मला पाठ आहेत," काकू म्हणाल्या. "तोंडापर्यंत येतात. तू लाजत नाहीस. मला शिकवशील?"

"मी आधी फार लाजायचे. माझं नाव मुकी होतं."

"मग तर तूच हवीस."

आई दारात उभी होती. तिने किती ऐकलं कोण जाणे. "वाक्यं देणं माझं काम, ते मी केलंय," ती म्हणाली. "पुढचं तुला जमत असेल तर कर. पण वर्गाबाहेर. आणि शेंडी लावायचे प्रकार नकोत."

टकळीला आणखी काय हवं होतं? त्याच दुपारी तिने पैजेचा नियम काकूंना लागू केला. पहिलं काम: दरवाजावरच्या रखवालदाराला मध्येच थांबवून ग्रंथालयाची वेळ विचारायची. हे गृहस्थ एकदा लिफ्टच्या बिघाडावर सुरू झाले की देवही त्यांना आवरू शकत नसे. काकू आदराने उभ्या राहिल्या. रखवालदार लिफ्टवरून जिन्यावर गेले, जिन्यावरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून थोरल्या जावयावर. काकूंचा हात कमरेपासून थोडा वर यायचा, ओठ उघडायचे आणि सगळं पुन्हा जागच्या जागी. जावई संपेपर्यंत ग्रंथालय बंद झालं.

"ते थांबतच नव्हते," काकू म्हणाल्या.

"थांबत नाहीतच कुणी. आपण शिरायचं असतं."

"पण कधी?"

हे टकळीला सांगता येईना. ती स्वतः कशी शिरायची? शिरायची, बस. पोहणाऱ्याला विचारा कसं पोहतोस, तसं झालं. रात्रीची पोळी खातानाही ती तेच चघळत होती.

उत्तर सापडलं शाळेच्या मैदानावर. मधल्या सुट्टीत मिरची आणि चष्मिश लांब दोरीची दोन टोकं धरून फिरवत होत्या आणि पहिलीतली एक चिमुरडी बाजूला उभी होती. दोरी जवळ यायची, तिचं अंग पुढे झुकायचं, दोरी निघून जायची, ती तिथेच. हुबेहूब पूलकाकू.

"दोरी थांबायची वाट बघू नकोस," टकळी तिला म्हणाली. "ती तुझ्यापासून लांब जायला लागली की आत." आणि म्हणता म्हणता तिला काकूंचं 'पण कधी?' आठवलं.

शाळा सुटल्यावर विद्यापीठाच्या मागच्या मोकळ्या जागेत एक देखावा दिसला. दोन शाळकरी मुली दोरी फिरवताहेत आणि पूल बांधणाऱ्या इंजिनियरबाई बूट काढून शेजारी उभ्या.

"माझं वय काय, हे काय," काकू म्हणाल्या.

"दोरीला वय कळत नाही हो काकू," मिरची म्हणाली. "पायावर बसते तेवढं कळतं."

पहिल्यांदा दोरी पायावर बसली. मग पाठीवर, मग थेट चष्मिशच्या चष्म्यावर, ते कसं झालं कुणालाच कळलं नाही. पण काकूंनी जबडा आवळला होता. ज्या बाईने फुगलेल्या नदीत खांब उभे केले, ती एका सुतळीला हार जाणार नव्हती. पुन्हा. पुन्हा. गुडघा धरून पुन्हा. आणि एकदाच्या त्या आत होत्या, रुपेरी केस उडताहेत, मोज्यांवर धूळ.

"आता वाक्य," टकळी ओरडली.

"माफ करा," काकू उड्या मारत धापा टाकत म्हणाल्या, "इथे आपण क्षणभर थांबू या."

शुक्रवारपर्यंत रोज हेच. दोरी झाली की टकळी वर्तमानपत्रातली बातमी घडाघडा वाचायची आणि काकूंनी तिचा श्वास पकडायचा. श्वास म्हणजे दोरी लांब गेली. शिरा आत.

शुक्रवारी सेमिनारला टकळीला मागे बसायची परवानगी मिळाली. परीक्षक दुसरेच होते, दाढीवाले, पेन सारखं टिकटिकवणारे. बोलायला उभा राहिला तो वर्गातला मुलगा, ज्याला सगळे 'एक्सप्रेस' म्हणायचे, कारण तो मधली स्टेशनं घेत नसे. विषय होता गावाजवळच्या ओढ्यावरचे छोटे पूल. काकूंच्या अगदी घरचा. टकळीला वाटलं, लॉटरी लागली.

पण एक्सप्रेस श्वासच घेईना. काकूंचा हात वर आला, खाली गेला. पुन्हा वर, पुन्हा खाली. टकळीचा पाय नकळत दोरीच्या तालावर जमिनीवर पडायला लागला. ठप. ठप. आईने मागे वळून नुसतं पाहिलं. पाय थांबला. आता काकूंना त्यांचं त्यांनीच करायचं होतं. मागच्या बाकावरचे तिघे, तेही परीक्षेला बसलेले, अजून माना डोलावतच होते.

एक्सप्रेस थांबला तो एकदम शेवटच्या स्टेशनावर. "धन्यवाद." परीक्षकांनी पेन टिकटिकवलं. "छान. वेळ संपत आली आहे, तर आपण चर्चा इथेच—"

"माफ करा," पूलकाकू म्हणाल्या. "इथे आपण क्षणभर थांबू या."

त्यांनी एक्सप्रेसला नाही, परीक्षकांनाच थांबवलं होतं. आईचा हात तोंडावर गेला. परीक्षकांचं पेन हवेत राहिलं.

"तुम्ही म्हणालात पाणी पुलाखालूनच जाईल," काकू एक्सप्रेसकडे वळल्या. आवाज जरा कापत होता, पण मोठा होता. धरला जाईल असा. "कोणत्या पुराचं पाणी धरलंय तुम्ही? आणि पाण्याबरोबर झाडं वाहून येतात, ती कुठून जातील?"

एक्सप्रेस गोंधळला. कागद चाळले. "झाडं मी धरलीच नाहीत," तो म्हणाला, आणि सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसला. "तुम्ही काय कराल?" मग काकूंनी फळ्यापाशी जाऊन खांब काढले. आणखी एकीने विचारलं, दोन खांब कमी केले तर? वाद पेटला. परीक्षक वेळ विसरून लिहीत बसले. चारचौघांत कुणीही उघडं पडलं नाही.

काकू पास झाल्या. मागच्या बाकावरच्या तिघांना मात्र पुन्हा परीक्षेला बसायचं होतं, पुढच्या महिन्यात, शेवटचं. निकाल बघून ते व्हरांड्यात उभे होते. त्यातला एक टकळीजवळ आला, बराच वेळ बुटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ती दोरी... अजून आहे?"

संध्याकाळी टेबलावर बाबांच्या कवळ्या ओळीने आ वासून पडल्या होत्या. आई ताटं घेत होती.

"आज वर्गात मी विचारलं, कुठे अडलं?" आई भाताकडे बघत म्हणाली. "'कळलं' नाही विचारलं. अर्ध्या वर्गाने हात वर केले. तास पुरला नाही मला."

"मग पोरींची माफी मागणार का, एकेकीची, जवळ जाऊन?" बाबा म्हणाले.

"गप्प बसा आणि तुमचे दात आवरा. ताट कुठे ठेवू मी?"

बाबा कवळ्या बाजूला सारणार, तेवढ्यात टकळीनेच त्या एकेक उचलून डब्यात भरायला घेतल्या. सगळ्या. बाबांच्या ताब्यातलं अर्धं टेबलही मोकळं झालं.

"अगं, ओल्या आहेत त्या."

"कपाटावर वाळतील. ऐका दोघंही. मी ठरवलंय," टकळी म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. "त्या तिघांची परीक्षा होईपर्यंत रोज शाळा सुटली की दोरी, आणि शनिवारी सकाळी या टेबलावर वर्ग. शिकवणार मी. वाक्यं आईची, बाकी सगळं माझं. मी विचारत नाहीये, सांगतेय. तुम्हाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा, सगळ्यांसमोर, मोठ्याने. नंतर व्हरांड्यात नाही."