आई मागत होती तुबिग

मी इंग्रजी शिकवतो. कंपन्यांतली मोठी माणसं चारचौघांत अडखळू नयेत म्हणून माझ्याकडे येतात. त्यामुळे आईला सांभाळणाऱ्या सिस्टरशी मी इंग्रजीतच बोलायचो आणि बोलता बोलता तिच्या चुका काढायचो. तिच्या तोंडी 'फ'चा 'प' व्हायचा. ती 'पिप्टी' म्हणाली की मी 'फिफ्टी' असं दोनदा म्हणून दाखवायचो. ती हसायची. मला वाटायचं, तिला गंमत वाटते.

आईला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, वाचा बसली, तेव्हापासून सिस्टर आमच्याकडे होती. ती फिलिपिन्सची, तिची भाषा तागालोग, एवढंच मला ठाऊक. तीन वर्षांनी ती पहिल्यांदाच पंधरा दिवस घरी निघाली, तेव्हा मी रजा टाकली. माझी थोरली बहीण अक्का भारतातून यायला निघाली होती, तिला म्हटलं, "कशाला धावपळ करतेस? माझीही आई आहे. मला कळत नाही होय तिचं?"

जाताना सिस्टरने फ्रिजवर एक कागद चिकटवला. मी वर्गाच्या वह्या तपासत होतो, लाल पेन हातातच होतं. सवयीने चार स्पेलिंगं सुधारली, एका क्रियापदाला गोल केला आणि पुन्हा वह्यांकडे वळलो. दार ओढून ती कधी गेली, कळलंही नाही.

एरवी सिस्टरशीच काहीबाही पुटपुटणारी आई दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "तुबिग."

"टीव्ही?" मी रिमोट आणला. तिने मान हलवली. उशी आणली, खिडकी उघडली, चष्मा दिला. "तुबिग, तुबिग," करत तिने शेवटी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुपारी काखेत हात घालून उठवताना ती ओरडली, "मसाकित!" मी म्हटलं, "हो हो, झालंच," आणि आणखी जोर लावला. संध्याकाळपर्यंत माझी खात्री पटली की आई भ्रमात बोलतेय. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "उद्या सकाळी स्कॅन करून घेऊ."

स्कॅनच्या खोलीत आईला पट्ट्यांनी बांधलं, तशी ती पुन्हा 'मसाकित' म्हणून ओरडली. यंत्र चालवणारी ठेंगणी बाई चटकन वळली. तिने खांद्यावरची पट्टी सैल केली, वाकून आईला काहीतरी विचारलं. आईने उत्तर दिलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. आईचा चेहरा किती दिवसांनी असा मोकळा झालेला!

ती बाई माझ्याकडे वळली. "यांचा खांदा दुखतोय. कालपासून पाणी मागतायत. माझी भाषा छान बोलतात की! कुणी शिकवली?"

डॉक्टर माझ्याकडे बघत होते.

स्कॅनमध्ये नवं काहीच निघालं नाही. घरी आल्यावर मी तो कागद वाचला. पाणी म्हणजे तुबिग. दुखतंय म्हणजे मसाकित. पुरे म्हणजे तामा ना. वाचा परत येत होती तेव्हा दिवसभर आईशी बोलायला सिस्टरच होती, म्हणून पहिले शब्द तिच्या भाषेत रुजले. हे सगळं तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं. खाली एक ओळ होती : तुम्ही आलात की आजी रोज विचारतात, 'कुमाइन का ना?' म्हणजे 'जेवलास का?' तुम्ही उत्तर देत नाही, म्हणून वाईट वाटतं त्यांना.

त्या ओळीतल्याच क्रियापदाला मी गोल केला होता.

सिस्टरला फोन लावला. "मी कागदावर लाल पेनाने..." म्हणालो आणि पुढचं इंग्रजी सुचेना.

"मी बघितलं, सर," ती म्हणाली. "दारातच होते." मग तिने लगेच विचारलं, "आजीचा खांदा शेकला का?"

पुढचे बारा दिवस मी शब्द पाठ केले. आईसमोर म्हणायचो, ती मान हलवायची, मी पुन्हा म्हणायचो. चाळिशी उलटलेला माणूस आपल्याच आईशी बोलायला शिकत होता. अक्काला खरं काय झालं ते सांगायला चार दिवस लागले. ती रागावली नाही. नुसती "बरं" म्हणाली, ते जास्त लागलं.

सिस्टर परत आली त्या दुपारी मी पहिल्यांदाच विचारलं, "घरी कोण कोण असतं?" तिने मोबाइल पुढे केला. शाळेच्या गणवेशातली मुलगी, नऊ-दहा वर्षांची. आईच्या उशाशी बसून तीन वर्षं ही बाई आमच्या घरात राबली, आणि तिला मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं.

काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं, तिच्या भाषेत. पण माझ्याजवळ शब्द होते ते आजाऱ्याच्या खोलीतले : पाणी, दुखतंय, पुरे.

"मगान्दा," पलंगावरून आई म्हणाली. सुंदर.

"मगान्दा," मी तिच्यामागून म्हणालो. तोवर सिस्टर मोबाइल खिशात टाकून हात धुवायला गेली होती. नळ सुरू होता. तिला ऐकू गेलं की नाही, विचारायचा मला धीर झाला नाही.