तेरवीचं पान

"जयवंताबाई, पयले खाली उतरा," भाजीवाली शकुन देवळाच्या दारातूनच म्हणाली.

जयवंता स्टुलावर उभी होती. उपासकाळाच्या शेवटच्या पंधरवड्यात मिशनच्या देवळातल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकून ठेवायच्या असत. मरियेच्या मूर्तीवरचं कापड वाऱ्याने सुटलं होतं, ते ती पुन्हा बांधत होती.

"बोल ना. मले ऐकू येते."

"नाई, उतरा तुमी."

शकुनच्या आवाजात काहीतरी होतं. जयवंता खाली उतरली. शकुनने डोक्यावरची टोपली पायरीवर ठेवली आणि पदर तोंडाला लावला.

"खुशालराव गेले वो बाई. रविवारी. तुमाले कोनी सांगतलं नाई का?"

जयवंताने मान हलवली. तिला कोण सांगणार होतं? भातकुलीच्या वाटेवरच्या त्या मळ्यातून अमरावतीच्या मिशन कंपाउंडात निरोप घेऊन येईल असं एकच माणूस होतं, आणि तेच गेलं होतं.

"काय झालं होतं?"

"ताप. छातीत कफ दाटला. आठ दिवस पडून होते."

"आठ दिवस," जयवंता म्हणाली. आणि स्टूल उचलून आत ठेवायला गेली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

विक्रम संवत छपन्नच्या मोठ्या दुष्काळात बाळापूरकडची एक माळीण दोन पोरं घेऊन अन्नाच्या शोधात अमरावतीपर्यंत चालत आली होती. सहा वर्षांची मुलगी चालेनाशी झाली, तेव्हा तिने तिला मिशनच्या फाटकाशी बसवलं. "अठीच बस, मी पानी घेऊन येतो," असं म्हणून ती मुलाला घेऊन गेली, ती पुन्हा आली नाही. मुलगी अनाथालयात वाढली. बाप्तिस्म्याच्या वहीत तिचं नाव मार्था असं लागलं, पण तिने जयवंता हे आपलं नाव सोडलं नाही. पुढे मिशनच्या बागेत काम करणाऱ्या पुंजारामशी तिचं लग्न झालं. तो प्लेगात गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून देऊळ झाडणं, वेदीवरची कापडं धुणं, फुलं मांडणं हे तिचं काम झालं.

आणि त्या फुलांमुळेच भाऊ सापडला. एका शनिवारी एक माळी झेंडू घेऊन फाटकाशी आला. बोलता बोलता गाव निघालं, मग आईचं नाव निघालं. मग राहिलेलं त्याने सांगितलं. आई मिशनपासून कोसभर अंतरावर, झाडाखालीच गेली होती. खुशालला मामाने नेलं होतं.

त्याला सोळा वर्षं झाली. दर शनिवारी खुशालराव फुलं घेऊन येई, देवळाच्या पायरीवर घटकाभर बसे, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी किंवा चार वांगी तिच्या पदरात टाकी आणि उठे. तिच्या घरचं पाणी तो कधी प्याला नाही आणि तिला त्याने कधी घरी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर जातीने त्याला वाळीत टाकलं असतं. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यावर बोलणं झालं नाही.

उपासकाळात मात्र वेदीवर फुलं चालत नसत. राखेच्या बुधवारापासून चाळीस दिवस कंपाउंडात ढोलकी वाजत नसे, लग्न होत नसे, कोणाच्या चुलीवर मटण शिजत नसे. दर शुक्रवारी सगळे मिळून क्रूसाची वाट चालत आणि प्रत्येक घरातून गरिबांसाठी मूठभर ज्वारी निघे. त्या चाळीस दिवसांत खुशालरावाचं येणं बंद असे.

"तुह्या देवाले फुलायचा एवढा काय राग वं?" तो दरसाल हसून विचारी. यंदाही त्याने विचारलं होतं, आणि हसता हसता त्याला खोकला आला होता. तिने दवाखान्यात जा म्हटलं, त्याने हो म्हटलं. दोघांचं बोलणं तिथेच संपलं होतं.

"तेरवी कवा हाये?" तिने बाहेर येऊन शकुनला विचारलं.

"येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी. तुमच्या वैनीनं, पार्बताबाईनं, तुमाले बलावलं हाये. खास मले सांगून धाडलं, का जयवंताबाईले येच लागते मनून."

जयवंताने मनाशी दिवस मोजले. तेराव्याचा तो दिवस नेमका शुभ शुक्रवार, ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस होता.

मिशनचे फादर परदेशी होते, वीस वर्षं वऱ्हाडात काढूनही मराठी पुस्तकातलं बोलत. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"वर्षातला सर्वांत मोठा उपवास आहे तो, जयवंता. आणि त्या दिवशीचं विलापाचं गाणं तू म्हणतेस."

"वच्छला म्हणन. तिले येते."

"तो तुझा भाऊ होता. मी तुला जाऊ नकोस असं म्हणणार नाही. परंतु त्या अन्नाला हात लावू नकोस. एक तर उपवास आहे. दुसरं, ते अन्न त्यांच्या विधीचं आहे. जा, त्याच्या पत्नीला भेट आणि परत ये."

"हो फादर," ती म्हणाली. तिला ते सोपंच वाटलं. तिला तिथे जेवायला कोण वाढणार होतं?

शुभ शुक्रवारी उजाडताच ती निघाली. अर्धी वाट एका छकड्याने मिळाली, अर्धी तिने पायी काढली. एप्रिलच्या उन्हाने काळ्या जमिनीला हात हात भेगा पडल्या होत्या. पोटात आदल्या दिवसापासून काही नव्हतं. मळा तिने कधी पाहिला नव्हता, पण दुरून ओळखला. आजूबाजूला सगळं करपलेलं असताना विहिरीकाठचा तेवढा तुकडा हिरवा होता.

अंगणात मांडव होता. ती कुंपणाशीच थांबली. पार्बताबाईने तिला पाहिलं. दोघींची ही पहिलीच भेट, पण पार्बताबाई सरळ तिच्यापाशी आली आणि गळ्यात पडली. जयवंता अवघडून उभी राहिली. या घरातल्या कुणाचा हात आपल्याला लागेल, असं तिच्या मनातही नव्हतं.

"तुमची लय वाट पायली त्यायनं," पार्बताबाई म्हणाली. "मी म्हटलं, बलावतो बाईले. तर म्हणे, नको. जात तुले सोडनार नाई. आन् शेवटच्या दिवशी मनले, माह्या मांग तरी तिले पंगतीत बसव."

पुरुषांची पंगत उठली. बायकांसाठी पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. जयवंता कुंपणालगतच्या दगडाकडे वळली, तोच पार्बताबाईने तिचं मनगट धरलं आणि तिला पंगतीच्या मधोमध नेऊन बसवलं.

ओट्यावर जातीतले वडीलधारे, पार्बताबाईचे नात्याने सासरे किसनराव पान लावत बसले होते. ते उठून उभे राहिले.

"पार्बता, हे काय करून राहिली तू? किरिस्तावाची बाई हाये ते. पंगत बाटते."

"बाटू द्या."

"उद्या पंच बसतीन."

"बसू द्या, मामाजी. जानाऱ्यानं सांगतलं, मी केलं. मले इचारतीन तं मी हेच सांगन."

पंगतीतल्या दोघी पदर झटकून उठल्या. तिसरी उठायच्या बेतात होती. मग टोकाला बसलेली म्हातारी गोदाबाई करवादली, "मले तं भूक लागली बापा. ज्याले उठाचं त्याले उठू द्या. वाढ वं पार्बता."

पार्बताबाईने पहिलं पान जयवंताचं वाढलं. वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, गव्हाची खीर.

वैनी, आज आमचा मोठा उपास हाये, हे शब्द जयवंताच्या तोंडाशी आले. तिने वर पाहिलं. पार्बताबाई भांडं कमरेशी धरून तिथेच उभी होती, पुढच्या पानाकडे जात नव्हती. किसनराव पाहत होते. उठून गेलेल्या दोघी मांडवाच्या खांबाशी थांबून पाहत होत्या. जयवंताने आता हात आखडला असता, तर ती बाई एवढ्या माणसांत उगीचच जातीबाहेर झाली असती.

जयवंताने डोळे मिटले, कपाळाला, छातीला आणि खांद्यांना बोट लावून क्रूसाची खूण केली, आणि भाताचा घास घेतला. मग दुसरा घेतला. तिने सावकाश, पान स्वच्छ होईपर्यंत जेवून घेतलं. ती खीर तिला गोड लागली, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

निघताना पार्बताबाई विहिरीपर्यंत पोचवायला आली. "आता तुमी येत जा," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "मी अठी राहिली, तं."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पापनिवेदनासाठी देवळात रांग लागली होती. जयवंता सर्वांच्या शेवटी गेली. जाळीपलीकडून फादरांचा थकलेला श्वास ऐकू येत होता. तिने बारीकसारीक सगळं सांगितलं, आणि मग तेरवीचं सांगितलं. का जेवले, तेही सांगितलं.

फादरांनी विचारलं, "तुला पश्चात्ताप होतो ना?"

"उपास मोडल्याचा होते, फादर. जेवल्याचा नाई."

"दोन्ही एकच आहे."

"मले तसं वाटत नाई."

"जयवंता, ज्या गोष्टीचा पश्चात्ताप नाही तिची क्षमा मी देऊ शकत नाही. तो अधिकार मला नाही. एक वेळ 'होतो' असं म्हण."

"खोटं म्हटलं तं चालन का?"

"नाही," फादर म्हणाले.

"मंग राहू द्या."

"क्षमेवाचून उद्या वेदीपाशी ख्रिस्तशरीराची भाकर घेता येणार नाही तुला."

"हो. मले मालूम हाये."

तिने पदर सारखा केला आणि ती उठली. त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखंच देऊळ झाडलं, बाकं पुसली, वेदीवर पांढरं स्वच्छ कापड अंथरलं.

ईस्टरच्या सकाळी देऊळ माणसांनी भरून गेलं. नवी लुगडी, तेल लावलेले केस, रडकी लेकरं. घंटा वाजली, फादर ख्रिस्तशरीराचा पेला घेऊन वेदीच्या पायरीवर येऊन उभे राहिले, आणि ते घ्यायला एकेक बाक उठून पुढे जाऊ लागलं. जयवंताच्या बाकाची पाळी आली. वच्छला तिच्या शेजारी होती, आतल्या बाजूला.

"चाल ना वं," वच्छला कुजबुजली.

"तू जाय."

"कावून? बरं नाई का?"

"बरं हाये."

वच्छलाला काही समजलं नाही. मागची माणसं थांबली होती. जयवंताने आपले गुडघे एका बाजूला वळवले, लुगड्याचा घोळ हाताने आवरून धरला, आणि तिला पुढे जायला वाट करून दिली.